पत्र्याखालचं वर्कशॉप थंड कसं ठेवायचं?

जालन्यात घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंग, मोटार-रिवाइंडिंग, सुतारकाम करणारे आपण बघतो. एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांच्या वर जातो आणि दुपारी काम थांबतं. मग पंखा लावतात. पण पंखा तीच गरम हवा फिरवतो. तापलेला पत्रा डोक्यावर उष्णता फेकतच राहतो. म्हणून उपाय आधी छताचा, मग भिंतींचा.

पहिलं, पत्र्याला वरून पांढरा चुना मारा. बरंचसं ऊन परत फिरतं. पावसात तो धुऊन जातो, म्हणून दर उन्हाळ्याआधी पुन्हा मारायचा. दुसरं, पत्र्याखाली चार-सहा इंच पोकळी सोडून सिलिंग करा आणि पोकळीच्या दोन्ही टोकांना जाळी ठेवा, म्हणजे कोंडलेली गरम हवा निघून जाईल.

सिलिंगला थर्मोकोल स्वस्त पडतं. पण ते 100 अंशांच्या आसपास मऊ होतं, ठिणगीनं पेटू शकतं आणि त्याचा धूर विषारी असतो. जिथे वेल्डिंग-ग्राइंडिंग चालतं, तिथे सिमेंट बोर्ड आणि त्यावर रॉकवूलच घाला. ते हाताळताना मास्क आणि हातमोजे हवेतच.

आपलं मराठवाड्यातलं माळवद आठवा. मातीचा जाड थर दुपारचं ऊन आत यायला उशीर करायचा. पत्र्याला ती जाडी नाही. ती उणीव या सिलिंगनं भरून काढायची.