पाणी, येर, डा, जोप्पो

माझं माहेर जळगाव जामोदचं. बुलडाणा जिल्ह्यातला हा तालुका सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. बाजारपेठेत वडिलांचं किराण्याचं दुकान होतं. बाजाराच्या दिवशी सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा अशा गावांतून डोंगराकडची माणसं यायची. आमच्याशी ती वऱ्हाडीत बोलत, आणि मीठ-तेलाचा हिशेब आपसांत करायची वेळ आली की दुसऱ्याच भाषेत शिरत. दुकानात सगळे त्या भाषेला कोरकूच समजत. ती कोरकू नव्हती, निहाली होती. जगातल्या कुठल्याही भाषेशी जिचं नातं आजवर सिद्ध झालेलं नाही, अशा मोजक्या भाषांपैकी ही एक. मला हे कळलं ते फार पुढे, धारणी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायला लागल्यावर.

जगातल्या भाषांची कुळं कशी लावतात, हे समजून घ्यायला आमचा सातपुडा पुरेसा आहे. पाण्याचंच पाहा. आम्ही वऱ्हाडी माणसं म्हणतो ‘पानी’, पुण्याकडचे म्हणतात ‘पाणी’. गोंडीत पाण्याला ‘येर’, कोरकूत ‘डा’, आणि निहालीत ‘जोप्पो’. एकाच डोंगररांगेतल्या या चार भाषा चार वेगवेगळ्या मुळांच्या आहेत. मराठी इंडो-आर्य, म्हणजे तिचे दूरचे भाऊबंद फारसीपासून आइसलँडपर्यंत पसरलेले. गोंडी द्राविडी, तिची दोन-तीन-चार ही गणती ‘रंड, मूंद, नालुंग’, आणि तेलुगूत तीच ‘रेंडु, मूडु, नालुगु’. कोरकू मुंडा गटातली. तिची सख्खी भावंडं झारखंडात, संथाली आणि मुंडारी. आणि चुलत घराणं थेट कंबोडिया-व्हिएतनामात. कोरकू एकला ‘मिया’ म्हणते, मुंडारी ‘मियद’, कंबोडियाची ख्मेर ‘मुओय’ आणि व्हिएतनामी ‘मोत’. व्हिएतनामपासून सुरू झालेलं हे कुळ पश्चिमेकडे येता येता ज्या भाषेपाशी संपतं, ती माझ्या वर्गातल्या मुलांची घरची भाषा. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी वर्गात जाऊन मुलांना सांगितलं आणि फळ्यावर आशियाचा नकाशा काढला.

चार शब्द जुळले म्हणून नातं ठरतं का? नाही ठरत. शब्द बाजारातून येतात. आपल्या मराठीत ‘टेबल’ आहे आणि ‘मेज’ही आहे, म्हणून मराठी इंग्रजीची किंवा फारसीची लेक होत नाही. अभ्यासक आधी असे शब्द बघतात जे सहसा उसने घेतले जात नाहीत: हात, डोळा, पाणी, आग, लहान आकडे. त्यांत दिसणारा फरक नेमाने होतो का, हे ते तपासतात. संस्कृत ‘पितृ’ला इंग्रजी ‘फादर’, ‘पाद’ला ‘फूट’, ‘पंच’ला ‘फाइव्ह’. प जाऊन फ येतो, आणि पुन्हा पुन्हा त्याच जागी येतो. हा नेम सापडला की नातं पक्कं. १७८६ साली विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात असं म्हटलं, ते याच वाटेवरचं पाऊल होतं. द्राविडी भाषांचं वेगळं कुळ १८५६ साली रॉबर्ट कॉल्डवेल यांच्या तौलनिक व्याकरणाने ठसठशीतपणे मांडलं.

भारताची पहिली मोठी भाषिक पाहणी जॉर्ज ग्रिअर्सन यांची. १८९४ला काम सुरू झालं, १९२८ला संपलं. १७९ भाषा आणि ५४४ बोली अशी त्यांची मोजदाद. बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट जिल्ह्याजिल्ह्यांतून स्थानिक बोलीत उतरवून मागवायची, ही त्यांची मुख्य रीत. एकच मजकूर शेकडो बोलींत मिळाल्यामुळे तुलना करता आली, हे त्या कामाचं मोठेपण मी मानते. पण गोष्ट लिहून पाठवणारा बहुतेक वेळा सरकारी यंत्रणेतला माणूस. त्याला ज्यांची भाषा नीट येत नाही त्या लोकांचं काय होणार, याचं उत्तर निहालीच्या नोंदीत मिळतं. पाहणीच्या १९०६च्या खंडात अभ्यासक स्टेन कोनो यांनी निहालीला कोरकूच्या जोडीने मुंडा भाषांत बसवलं; ती इतर भाषांच्या भेसळीने बदलत चालली आहे असं त्यांचं मत. समोर दिसणाऱ्या शब्दांवरून ते वावगंही नव्हतं. निहाली माणसं पिढ्यान्‌पिढ्या कोरकूंच्या गावांत, त्यांच्या शेतांवर राबली. १९६२मध्ये डच विद्वान कायपर यांनी शब्द न्‌ शब्द पारखला तेव्हा तिसऱ्या हिश्शाहून जास्त शब्द कोरकूशी जुळले, काही द्राविडी निघाले, मराठी-हिंदीचे तर होतेच. मोजायला लागलं की दोन ते चार हे आकडे द्राविडी वळणाचे आणि पुढचे आपल्या पाच-सहासारखे. पण सुमारे एक चतुर्थांश शब्दांना कुठेच जोड सापडली नाही. आणि ते शब्द कसले? हाताला ‘बक्को’, आगीला ‘आपो’, पाण्याला ‘जोप्पो’. घराच्या अगदी आतले.

काही अभ्यासकांनी ही चोरांची सांकेतिक बोली असावी असंही सुचवलं होतं. मला हे वाचताना राग येतो. वडिलांच्या दुकानात कडेवरच्या लेकराला आई जी भाषा बोलून गप्प करत होती, ती कुणापासून लपवायची म्हणून रचलेली नव्हती. भाषाशास्त्रज्ञ शैलेंद्र मोहन यांनी अलीकडे निहालीवर काम केलं आहे. निहाली बोलणारे आज दोन-अडीच हजारांच्या आसपास धरले जातात.

कुळाचा हिशेब इथे संपतो, पण भाषेचा संपत नाही. कारण भाषांना भाऊबंद असतात तसे शेजारीही असतात, आणि शेजाऱ्यांचा गुण भाऊबंदांइतकाच अंगी लागतो. मराठीतलं ‘आपण’ आणि ‘आम्ही’ घ्या. ऐकणाऱ्याला धरून बोलायचं तर आपण, वगळून बोलायचं तर आम्ही. हिंदी मराठीची जवळची नातलग, पण तिथे दोन्हीला ‘हम’. आणि तेलुगूत, जिचं मराठीशी कुळाचं नातं नाही, ‘मनम’ आणि ‘मेमु’ असा अगदी आपल्यासारखा भेद. ‘आपण’ हा शब्द आपल्याला संस्कृत ‘आत्मन्‌’पासून प्राकृतातून वारशाने आला, त्याला जे काम लावलं ते द्राविडी शेजाराने शिकवलं असावं, असं अभ्यासक मानतात. ‘जेवणबिवण’, ‘पाणीबिणी’ ही जोडरूपं, ट-ठ-ड-ढ-ण हे ध्वनी, ‘खाऊन आलो’सारखी रचना, या गोष्टी भारतात कुळांच्या भिंती ओलांडून पसरल्या आहेत. १९५६ साली भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांनी भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे असं मांडलं, ते अशाच पुराव्यांवर.

कोरकूत तर ‘आम्ही-आपण’ची चार रूपं आहेत: तू आणि मी दोघे, तो आणि मी दोघे, तुमच्यासह आम्ही सगळे, तुम्हाला वगळून आम्ही सगळे. माझ्या वर्गातली मुलं ‘आपण’ आणि ‘आम्ही’ कधीच घोटाळत नसत. शहरातून बदलून आलेल्या साहेबांच्या मुलांपेक्षा ती यात पक्की होती. ती अडखळायची लिंगाशी. ‘ती झाड’, ‘तो नदी’. कोरकूच्या व्याकरणात मुख्य भेद सजीव आणि निर्जीव असा आहे. झाडं, नद्या, दगड यांना स्त्री-पुरुष करायची तिथे गरजच पडत नाही. तपासणीला आलेले लोक वहीतल्या या वाक्यांवर लाल शाई ओढून मुलांना ‘कच्ची’ ठरवत.

मला त्या वेळी सांगलीकडच्या एका गावाचा अभ्यास वाचायला मिळाला. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेला हा अभ्यास ‘कुपवार’ या नावाने जगभर माहीत आहे. गावात कन्नड, मराठी, उर्दू आणि थोडी तेलुगू. शतकानुशतकं एकत्र राहून या भाषांची वाक्यरचना इतकी सारखी झाली होती की शब्दाजागी शब्द ठेवला की भाषांतर तयार. आणि लिंग? तिथल्या मराठीने आणि उर्दूनेही कन्नडची रीत उचललेली: माणसांना पुल्लिंग-स्त्रीलिंग, बाकी सगळं नपुंसक. ‘नदी आलं’ ही तिथली घडवलेली मराठी होती, कुणाची गफलत नव्हे. माझ्या मुलांच्या वह्यांत जे चाललं होतं, त्याचंच हे पिकलेलं रूप. त्यानंतर मी लाल शाई वापरायची सोडली. प्रमाण रूप शेजारी निळ्या शाईने लिहायचे, आणि मुलाला सांगायचे की तुझ्या भाषेत हे असं आहे, मराठीत असं.

बोली कुठे संपते आणि भाषा कुठे सुरू होते, याबद्दल मी थोडक्यात बोलते, कारण तिथे भाषाशास्त्रापेक्षा माणसांचे निर्णय जास्त चालतात. ग्रिअर्सन यांनी कोकणीला मराठीच्या खंडात ठेवलं. १९७५ला साहित्य अकादमीने तिला स्वतंत्र मानलं आणि १९९२ला ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली. खानदेशी, म्हणजे अहिराणी, मात्र ग्रिअर्सन यांनी मराठीत न धरता भिल्लीसोबत नवव्या खंडात नेली. जळगाव-धुळ्याच्या अहिराणी बोलणाऱ्यांना अनेकदा आपण मराठीचीच बोली बोलतो असं वाटतं. जनगणनेत खानदेशी आजही वेगळी भाषा आहे.

वर्गीकरण कागदावर राहत नाही, हे मी २०११ला प्रगणक म्हणून घरोघर फिरताना पाहिलं. मातृभाषेच्या रकान्यापाशी आलं की माणसं मास्तरीणबाईंकडे बघून ‘मराठी’ सांगायची, नाहीतर ‘हिंदी’. मग मी विचारायचे, चुलीपाशी काय बोलता? तेव्हा हसून ‘कोरकू’ म्हणायची. त्या जनगणनेत देशभरातून १९,५६९ नावं मातृभाषा म्हणून आली. छाननी होऊन १,३६९ उरली, आणि दहा हजारांहून जास्त बोलणारे असलेल्या १२१ भाषाच वेगळ्या छापल्या गेल्या. कोरकूचे सात लाखांहून जास्त लोक त्यात दिसतात. गोंडीचे जवळपास तीस लाख दिसतात, तरी ती आठव्या अनुसूचीत नाही, आणि सुमारे पंचवीस हजार लोकांनी मातृभाषा सांगितलेली संस्कृत आहे. संस्कृतबद्दल माझी तक्रार नाही. तीस लाखांना दार बंद का, हा माझा प्रश्न आहे. निहाली तर दहा हजारांच्या अटीपायी ‘इतर’मध्येच जाते. जिला जगात नातलग नाही, तिला आपल्या देशाच्या यादीत स्वतःची ओळही नाही. ही अट काढून अगदी लहान भाषांचे आकडेही छापावेत, असं माझं ठाम मत आहे.

पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ ठरला आहे. माझ्या हाताखाली शिकलेली काही कोरकू मुलं-मुली आता स्वतः शिक्षक आहेत आणि त्यांतले बरेच प्रगणक होतील. त्यांना मी फोनवर एवढंच सांगत असते, की मातृभाषेचा प्रश्न दारात उभं राहून विचारू नका, आत बसून पाणी मागा, आणि पाण्याला घरात जे म्हणतात ते ऐकून मग विचारा. जळगाव जामोदकडे ड्युटी लागली तर ‘कोरकूच असेल’ असं धरून चालू नका.