औंधच्या डोंगरावरचा ठेवा

रहिमतपूर मागे पडले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना माळ लागतो. हा खटावचा मुलूख. पाऊस इथे परक्या पाहुण्यासारखा येतो आणि उंबऱ्यावरूनच परततो. अशा ठिकाणी, यमाईच्या डोंगराच्या निम्म्या चढाला एक संग्रहालय आहे आणि त्यात रविवर्म्याची चित्रे, मोगल-राजपूत-पहाडी कलमांची लघुचित्रे, शिवाय हेन्री मूर या जगद्विख्यात इंग्रज शिल्पकाराची दगडातली 'माता व बालक' आहे असे सांगितले, तर ऐकणारा आपली चेष्टा चालली आहे असेच समजेल!

गेल्या हिवाळ्यात वर्गातली पंचवीस मुले घेऊन मी तिथे गेलो. त्यांत आटपाडीकडचा एक मुलगा होता. वडील गलाईच्या धंद्यात, दूर परप्रांतात. सोने आटवणाऱ्याचेच पोर ते! चित्रांवरून डोळा फिरवून त्याने विचारले, "सर, हे सगळं विकलं तर किती येतील?" मुले हसली. तो हसला नाही. पुढे म्हणाला, "पैसा आमच्या पणज्यांच्या शेतसाऱ्याचाच ना?"

प्रश्न बिनतोड होता, आणि त्याला होय म्हणण्यावाचून मला गत्यंतर नव्हते. औंध संस्थान मोठे नव्हते. अवघी बहात्तर गावे, तीही एका जागी नाहीत. काही औंधभोवती, काही आटपाडीकडे, काही कुंडलकडे, तर काही थेट विजापूर जिल्ह्यात. या जिरायती गावांच्या वसुलावर भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९०९ पासून राज्य केले. माणूस मोठा हौशी. स्वतः चित्रे काढी, कीर्तन करी, सूर्यनमस्काराचे वेड तर असे की शाळेतल्या पोरांनाही त्यातून सुटका नसे. भांडारकर संस्थेच्या महाभारतासाठी यांनी १९१८ साली लाख रुपये देऊ केले. किर्लोस्करांना १९१० साली कुंडलजवळचा माळ दिला तोही यांनीच. त्या निवडुंगाच्या रानात किर्लोस्करवाडी उभी राहिली.

राजाने हौस केली, रयतेने साराभरणा केला, एवढीच गोष्ट असती तर मी मुलाला तिथेच सोडले असते. पण १९३८ साली हे संग्रहालय उभे राहिले आणि लगेच, जानेवारी १९३९ मध्ये, याच राजाने आपले अधिकार प्रजेच्या हाती दिले! गांधीजींचा सल्ला, पुत्र अप्पासाहेबांचा आग्रह आणि मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरची खटपट यांतून नवी घटना झाली आणि कारभार गावपंचायतींकडे गेला. त्याच साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. कैद्यांनी भिंतीवाचून, बेड्यांवाचून, बायकामुलांसह राहावे आणि शेती करावी, अशी ती वसाहत. गदिमा त्याच भागातले, औंधच्या शाळेत शिकलेले. त्यांच्या कथेवर शांतारामबापूंनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला, तो याच प्रयोगावरून.

स्वतंत्रपूरचे नाव निघताच मुलगा चमकला. "आमच्या गावापासून जवळच आहे ते. पण हे कुणी सांगितलं नव्हतं." मला माझीच लाज वाटली. गदिमांची गीते मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवतो. ज्या मातीत ते वाढले तिच्यात एका राजाने राज्य सोडले होते, हे मात्र त्यांना कधी सांगितले नव्हते.

१९४८ साली संस्थान विलीन झाले, १९५१ मध्ये बाळासाहेब गेले. संग्रहालय आता सरकारच्या ताब्यात आहे. हा ठेवा मुंबईपुण्याला नेला तर पाहणारे शतपटीने वाढतील, असे म्हणणारे भेटतात. वाढतीलही. पण आटपाडीच्या पोराने मग मुंबईचे भाडे कुठून आणायचे? आणि तिथे "आमच्या पणज्यांचा पैसा" असे म्हणायला त्याला जीभ तरी रेटेल काय?

निघताना तो दिसेना. शोधले, तर मूरच्या शिल्पापुढे उभा. किमतीचे पुन्हा काही बोलला नाही. "आमच्याकडं ऊसतोडीला जाणाऱ्या बाया फडाच्या कडेला पोराला घेऊन अशाच बसत्यात," एवढेच म्हणाला, आणि खाली एस.टी. लागली होती म्हणून पळत सुटला.