अनाहूत संदेश आणि आपण व्यापारी

गतवर्षी श्रावणात गव्हाची एक गाडी पहाटे सुरतेस पोचत असल्याचा संदेश वाहतूकदाराने आमच्या मोबाईलवर रात्रीच धाडला होता. कर्जे, साड्या व सदनिका यांच्या जाहिरातींच्या गर्दीत तो आमच्या दृष्टीस पडलाच नाही. हमाल वेळेवर न मिळाल्यामुळे गाडी पावसात तिष्ठत राहिली आणि ११ पोती भिजली.

या उपद्रवावर उपाय आहे. १९०९ या क्रमांकावर नोंद केल्यास जाहिरातींचे संदेश रोखता येतात. तक्रारही तेथेच करता येते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांन्वये असे संदेश धाडणाऱ्याने आपली नोंदणी करणे आणि ग्राहकाची पसंती वा संमती पाहणे आवश्यक आहे.

परंतु केवळ इतरांस दोष देऊन कसे चालेल? दिवाळीच्या सुमारास आमच्याच पेढीवरून तांदळाच्या भावाचे संदेश शेकडो लोकांस गेले. त्यांपैकी एकासही आम्ही आधी विचारले नव्हते! भिजलेल्या पोत्यांनी आमचे डोळे उघडले. विचारल्यावाचून कोणासही संदेश धाडावयाचा नाही, असा नेम आमच्या पेढीने यंदापासून केला आहे. व्यापारी बंधूंनीही तो करावा, ही नम्र विनंती.