66 अंशांवरचा एक तास

अमेरिकेत घरी बिअर करणाऱ्यांची सुरुवात बहुधा डब्यातल्या तयार माल्ट-अर्कापासून होते. ऑल-ग्रेनमध्ये तो अर्क आपणच धान्यातून काढायचा. अमेरिकेत 1978 च्या कायद्याने घरापुरती बिअर करायची मुभा आहे, विकायची नाही. महाराष्ट्रात दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय हा उद्योग करता येत नाही, त्यामुळे पुढची कृती न्यू जर्सीकडच्या मराठी मंडळींच्या उपयोगाची.

10 लिटर आयपीएसाठी (इंडिया पेल एल) अडीच किलो पेल माल्ट, पाव किलो क्रिस्टल माल्ट, 20 लिटरचं पातेलं, मोठी जाळीदार पिशवी आणि भरवशाचा थर्मामीटर लागतो. माल्ट दुकानातच भरडून घ्या. पीठ नको, दाणा फुटला की पुरे.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव. नाचणीसत्त्वासाठी आपण मोड आणतो, त्यातलीच ही गोष्ट. मोड येताना दाण्यात पिष्टाची साखर करणारी विकरं तयार होतात आणि गरम पाण्याची वाट बघत राहतात. 16 लिटर पाणी 70 अंश सेल्सिअसला आणून पिशवीतला भरडा त्यात सोडला, की तापमान 66 च्या आसपास उतरतं. तिथेच ते तासभर टिकवायचं. पातेलं जाड टॉवेलमध्ये गुंडाळलं तरी चालतं. या विकरांपैकी बीटा-अमायलेजला 62 ते 65 अंश मानवतात, आणि त्याने केलेली माल्टोज यीस्ट आवडीने खातं. अल्फा-अमायलेज 70 च्या आसपास जोरात असतं, पण त्याच्या लांब साखळ्या यीस्टला पचत नाहीत, त्या बिअरमध्येच राहतात. म्हणून 69 अंशांवर बिअर जड, गोडसर होते आणि 64 वर सडसडीत. आयपीएचा कडूपणा गोडव्याखाली दबू नये, म्हणून मी 66 च्या वर जाणार नाही. नवखे लोक हॉपच्या, म्हणजे बिअरला कडूपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांच्या, जातींवर रात्र-रात्र वाद घालतात. तेवढं लक्ष थर्मामीटरकडे दिलं तर बरं. तासाभराने थेंबभर द्रवावर आयोडीन टाका. निळं-काळं झालं तर पिष्ट शिल्लक आहे, अजून थांबा.

मग पिशवी उचलून निथळू द्या आणि उरलेला द्रव तासभर खळखळून उकळा. सुरुवातीला घातलेले 15 ग्रॅम मॅग्नम हॉप कडूपणा देतात, कारण त्यातली अल्फा आम्लं उकळण्यानेच बदलून पाण्यात विरघळतात. सुगंधी तेलं मात्र वाफेबरोबर उडतात, म्हणून कॅस्केड हॉपचे 20 ग्रॅम शेवटच्या दहा मिनिटांत, 30 ग्रॅम गॅस बंद केल्यावर.

पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून 20 अंशांपर्यंत पटकन निववा. इथून पुढे बिअरला लागणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी. हायड्रोमीटर घनता 1.058 च्या आसपास दाखवेल. एल यीस्ट घाला, एअरलॉक लावा, 18 ते 20 अंशांच्या खोलीत ठेवा. आठवडा-दोन आठवड्यांत आकडा 1.012 च्या जवळ स्थिरावला, की मद्यार्क साधारण 6 टक्के झाला. आता 40 ग्रॅम कोरडे हॉप तीन-चार दिवस टाका आणि झाकण उगाच उघडू नका. ऑक्सिजनने हॉपचा वास मरतो.

बाटल्या भरताना 60 ग्रॅम साखर पाण्यात उकळून मिसळा. आकडा स्थिर नसताना भरलेली बाटली फुटू शकते. दोन आठवडे खोलीच्या तापमानाला, मग फ्रिजमध्ये. आफ्रिकेला वळसा घालून मुंबई-कलकत्त्याला येणारी जुनी पेल एल महिनोन्‌महिने पिंपात मुरायची. ही मुरवायची नाही, महिना-दोन महिन्यांत संपवायची.