इंडोल : दुर्गंध आणि सुगंध यांमधील सीमारेषा

चेंबूर स्थानकाबाहेर संध्याकाळी मोगऱ्याचे गजरे विकावयास येतात. वारा फिरला की चेंबूरच्याच वस्तीत देवनारच्या कचराभूमीचा उग्र दर्पही पोहोचतो. १९२७ पासून शहराचा कचरा तेथे पडत आला आहे. हे दोन गंध परस्परांचे वैरी होत, असे आपण गृहीत धरतो. रसायनशास्त्राची साक्ष मात्र निराळी आहे. इंडोल नावाचे सेंद्रिय संयुग मोगऱ्याच्या फुलात आढळते, तसेच ते विष्ठेतही आढळते. प्रस्तुत टिपणात या संयुगाचा, आणि त्या निमित्ताने आपल्या गंधवाचक शब्दांचा, थोडक्यात विचार करावयाचा आहे.

इंडोलच्या रेणूत बेंझीनचे षट्कोनी वलय व नायट्रोजनयुक्त पंचकोनी वलय एकमेकांस जोडलेले असते. हा पांढरा घन पदार्थ सुमारे ५२ अंश सेल्सिअसला वितळतो. प्रथिनांतील ट्रिप्टोफेन या घटकाचे जिवाणूंकडून विघटन झाले म्हणजे इंडोल निर्माण होते. नीळ या रंगद्रव्याचे संशोधन करीत असता आडोल्फ फॉन बायर यांनी १८६६ मध्ये ते सिद्ध केले. ‘इंडिगो’ व ‘ओलियम’ या शब्दांच्या संयोगातून त्याचे नाव बनले. ‘इंडिगो’चे मूळ ‘भारतीय’ या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. म्हणजे या नावात आपल्या देशाचेच नाव दडलेले आहे. इंडोलचे निकटचे भावंड स्कॅटोल. त्याचे नाव विष्ठावाचक ग्रीक शब्दावरून पडले, आणि तेही जवादी या प्राणिज सुगंधी द्रव्यात सापडते.

शुद्ध इंडोलची कुपी उघडली तर विष्ठेची व डांबरगोळीची आठवण व्हावी असा वास येतो. तेच अत्यल्प प्रमाणात विरळ केले असता फुलासारखे भासते. जाईच्या फुलांच्या अर्कात त्याचे प्रमाण शेकडा २ ते ३ च्या आसपास असते. केवळ गोड वासाची द्रव्ये एकत्र करून केलेली कृत्रिम जाई फिकी व निर्जीव वाटते. इंडोलच्या स्पर्शाने तिच्यात उमललेल्या फुलाचा भरीवपणा येतो. याकरिता अत्तरकार ते मद्यार्कात वा अन्य द्रावकात विरघळवून थेंबाथेंबाने वापरतात. हवा व प्रकाश यांच्या संपर्काने ते तांबूस होते. म्हणून पांढऱ्या साबणात ते जपून घालावे लागते.

असे का घडते? मानवी नाकात गंधग्राहकांचे सुमारे ४०० प्रकार आहेत. द्रव्य विरळ असता त्यांपैकी थोडेच जागृत होतात, दाट असता अधिक होतात. त्यामुळे मेंदूकडे जाणारा संकेतच बदलतो. शिवाय सोबतच्या द्रव्यांचाही त्यावर परिणाम होतो.

भाषेतही असाच प्रकार दिसतो. संस्कृत ‘घ्राण’ म्हणजे वास घेणे, तसेच नाक. त्यात चांगलेवाईट काही नव्हते. मराठीत त्याचीच ‘घाण’ झाली. ‘वास’ हा शब्द अद्याप उभयपक्षी आहे. निवाडा क्रियापद देते. मोगऱ्याचा वास दरवळतो, नासलेले दूध वास मारते. एकट्या शब्दाचा अर्थ सोबतच्या शब्दावाचून ठरत नाही, त्याचप्रमाणे एकट्या रेणूचा गंधही प्रमाण व सोबत यांवाचून ठरत नाही. म्हणून आपल्या परिभाषाकोशांत अशा संयुगापुढे नुसते ‘दुर्गंधी द्रव्य’ असे लिहिणे अपुरे होय. ‘दाट असता दुर्गंधी, विरळ असता पुष्पगंधी’ असे लिहावयास हवे.

यावरून गंध ही केवळ मनाची समजूत आहे, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. चेंबूरचा रहिवासी रात्री खिडकी लावून घेतो, तेव्हा त्याची तक्रार नाजूक नाकाची म्हणून बाजूस सारता येणार नाही. गंधाचे स्वरूप प्रमाणावर अवलंबून असेल, तर ते प्रमाण मोजले पाहिजे. कोणते द्रव्य, किती, कोणत्या वेळी आणि कोणत्या वाऱ्याने आले, याची नोंद झाली पाहिजे. अत्तरकार एक थेंब अधिक पडू नये म्हणून जी दक्षता घेतो, तीच दक्षता शहराच्या हवेच्या बाबतीतही अगत्याची आहे.