हातभर एसटी

टामिया, रेव्हेल, एएमटी ही स्केल मॉडेलच्या दुनियेतली मातब्बर नावं. त्यांच्या याद्या चाळल्या तर फेरारी मिळेल, महायुद्धातली जीप मिळेल, लांब नाकाचा अमेरिकन पीटरबिल्ट ट्रकही मिळेल. लाल एसटी मात्र नाही. दारावर लिंबू-मिरची टांगलेला, लाकडी केबिनचा आपला मालट्रकही नाही. ज्याला परळ–रत्नागिरी गाडी कपाटात उभी करायची आहे, त्याने ती स्वतःच घडवायची. आपल्याकडची बरीच मंडळी ते करतात. केरळातली पोरं खासगी बसच्या इतक्या हुबेहूब प्रतिकृती बनवतात की फोटोत खरी कोणती ते कळत नाही. आपल्याकडे एसटीवर जीव टाकणारे तरुण सनबोर्ड कापत बसतात.

यावर नेहमीची तक्रार अशी की परदेशी कंपन्यांना आपल्या गाड्यांचं काय पडलंय! तक्रारीत तथ्य आहे, पण खरं कारण थोडं खोलात आहे, आणि ते समजून घ्यायला आधी डेट्रॉइटला जाऊन यावं लागेल.

अमेरिकेत हा छंद मोटार कंपन्यांच्या अंगणातच वाढला. नवी गाडी बाजारात आली की विक्रेत्यांच्या काउंटरवर ठेवायला तिची छोटी प्रतिकृती लागायची. रंग अगदी कारखान्याचाच. एएमटी ही कंपनी दुसऱ्या महायुद्धानंतर याच कामावर उभी राहिली. १९५८ साली तिने एक शक्कल लढवली. एकाच खोक्यात तीन गाड्यांचे भाग द्यायचे: हवी तर कंपनीची मूळ गाडी करा, हवी तर नटवलेली करा, नाहीतर शर्यतीची. गाडी एकच बनायची, त्यामुळे उरलेले सुटे भाग साठत जायचे. अमेरिकेतल्या पोरांच्या पलंगाखालची ती सुट्या भागांची पेटी म्हणजेच पुढच्या सगळ्या उद्योगाचं भांडवल. या गाडीचं इंजिन त्या गाडीला, त्याचे बंपर याला. 'स्टार वॉर्स'मधल्या अंतराळयानांवरची खरखरीत यंत्रसामग्रीसुद्धा रणगाडे आणि गाड्यांच्या किटमधले तुकडे चिकटवूनच केली होती.

त्याहून जुनी आणि माझ्या मते जास्त मोलाची गोष्ट म्हणजे जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने १९३० ते १९६८ या काळात चालवलेली मुलांची स्पर्धा. सुरुवातीला नेपोलियनच्या काळातल्या शाही बग्गीची प्रतिकृती करायची होती; पुढे मुलांनी स्वतःच्या कल्पनेतली मोटार बनवून पाठवायची, एकास बारा मापात. लाकूड, प्लास्टर, पत्रा, जे जमेल ते. बक्षीस म्हणून कॉलेजची शिष्यवृत्ती. १९४७ सालचा विजेता चक जॉर्डन पुढे जनरल मोटर्सच्या डिझाइन विभागाचा प्रमुख झाला. मोठ्या कंपनीने पोरांच्या हातातल्या कानशीकडे बघून माणसं हेरली, हे मला त्या कंपनीच्या कित्येक गाड्यांपेक्षा जास्त आवडतं.

आता आपल्याकडे या. डेट्रॉइटची गाडी कारखान्यातून पूर्ण होऊन निघते, एकीसारखी दुसरी. आपला ट्रक वर्षानुवर्षं कारखान्यातून निघाला तो नुसता चासी आणि पुढचा काऊल घेऊन. ड्रायव्हर डोळ्यांना गॉगल, तोंडाला रुमाल लावून तो उघडा सांगाडा शेकडो किलोमीटर चालवत न्यायचा. केबिन, हौदा, फाळका, टप हे सगळं बॉडी बिल्डरकडे. तिथे सुतार, वेल्डर आणि पेंटर मिळून मालकाच्या मर्जीप्रमाणे गाडी उभी करायचे. एसटीचंही तसंच. टाटा किंवा अशोक लेलँडची चासी घ्यायची आणि दापोडी, चिकलठाणा, हिंगणा या महामंडळाच्या स्वतःच्या कार्यशाळांत तिच्यावर बॉडी बांधायची. म्हणजे मूळ गाडीच मुळी हातबांधणीची. हजारो एकसारख्या गाड्या गृहीत धरणारा साचा तिला बसणार कसा? आपल्या ट्रकची प्रतिकृती करणारा हौशी माणूस बॉडी बिल्डरचंच काम त्याच क्रमाने पुन्हा करत असतो: आधी चासी, मग सांगाडा, मग पत्रा, मग रंग, शेवटी पेंटर.

तारेची, काडेपेटीची, चपलेच्या रबराची चाकं लावलेली गाडी आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी केली आहे. अरविंद गुप्तांनी तर टाटांच्या टेल्कोतली ट्रकची नोकरी सोडून टाकाऊतून खेळणी करण्यात हयात घालवली. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे त्यांचे सांगाडे शाळाशाळांत पोचले. पण ती खेळणी. खेळण्यातली गाडी चालली पाहिजे, मॉडेल मापात बसलं पाहिजे. या छंदाची सुरुवात फेविक्विकपासून होत नाही, मोजायच्या टेपपासून होते.

मापांचीही गंमत आहे. १/२४ म्हणजे एका फुटाला अर्धा इंच. १/४३ हे माप खेळण्यातल्या आगगाड्यांच्या ओ गेजवरून आलं. १/३५ची कथा तर अफलातून. टामियाने साठच्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाडा काढला, तेव्हा पोटात मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात इतका तो मोठा केला. नंतर हिशेब केला तर तो साधारण एकास पस्तीस भरला. आज जगभर रणगाड्यांची मॉडेलं त्याच मापात बनतात!

एसटीसाठी मी १/२४ सुचवेन. साधारण अकरा मीटरची बस या मापात ४६ सेंटिमीटर होते, म्हणजे जुन्या हिशेबाने बरोब्बर हातभर. रुंदी २.६ मीटर धरली तर मॉडेल १०८ मिलिमीटर. १०.००-२० मापाचा टायर बाहेरून सुमारे १०५० मिलिमीटर असतो; त्याचे ४४ झाले. याहून लहान मापात खिडक्यांच्या पट्ट्या कापताना डोळे जातात, मोठ्या मापात घरातली माणसं कुरकुरतात.

एकदा चोवीसचा पाढा डोक्यात बसला की घरातली प्रत्येक वस्तू वेगळी दिसू लागते. घरातल्या एक स्क्वेअर एमएमच्या मऊ वायरीत बहुधा ०.३ मिलिमीटरचे चौदा तांब्याचे धागे असतात. एक धागा गुणिले चोवीस, म्हणजे ७.२ मिलिमीटर. डिझेल पंपातून इंजिनाकडे जाणाऱ्या नळ्यांची जाडी जवळपास तेवढीच. जुन्या टाटाचा गोल हेडलाइट सात इंची, मॉडेलमध्ये साडेसात मिलिमीटरच्या आत. औषधाच्या पाकिटातून छोटी गोळी निघाली की मागे राहणारा पारदर्शक फुगा म्हणजे आयती काच. अठरा गेजची नवी कोरी सुई १.२७ मिलिमीटर जाड असते, ती दारातल्या दांड्याला चालते. इंजेक्शनच्या लहान सिरिंजची नळी झाली हवेच्या ब्रेकची टाकी. मुदत संपलेलं एटीएम कार्ड ०.७६ मिलिमीटर जाड, सगळ्या जगात एकाच मापाचं. चासीचे आडवे पट्टे त्यातून निघतात. स्प्रिंगच्या पाट्यांना मात्र ते जाड पडतं, तिथे अर्ध्या मिलिमीटरचं प्लास्टिक हवं. बॉलपेनची रिकामी रिफिल गरम पाण्यात बुडवून वाकवली की सायलेन्सर.

खरी कसोटी पत्र्याची. बसचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा. सनबोर्ड तीन मिलिमीटरचा घेतला तर त्या हिशेबाने भिंत सात सेंटिमीटर जाडीची झाली! खिडकीच्या कडेला ही जाडी उघडी पडते आणि सगळा डाव फसतो. पोटात सनबोर्ड, बाहेरून पातळ कातडं हा त्यावरचा उपाय. शीतपेयाच्या ॲल्युमिनियमच्या डब्याचा पत्रा साधारण ०.१ मिलिमीटर असतो. वरचा-खालचा भाग कापून टाकायचा, नळकांडं उलगडून काचेवर सपाट करायचं, रंगाची बाजू पॉलिश पेपरने घासायची. कडा ब्लेडसारख्या लागतात, तेव्हा हातमोजे घाला.

आता रिव्हेट. ॲल्युमिनियमच्या बॉडीच्या जुन्या एसटीला रिव्हेटच्या रांगाच रांगा होत्या. त्यांच्याशिवाय ती गाडी एसटी वाटतच नाही. शिंप्याकडचं कापडावर खुणा पाडायचं दातेरी चाक आणायचं. पत्रा उलटा करून खाली जुनी वही ठेवायची, स्टीलची पट्टी धरून चाक एकदाच, एकाच दाबाने फिरवायचं. पुढच्या बाजूला बारीक टिंबांची सरळ रांग उठते. दात दोन मिलिमीटरवर असतील तर खऱ्या मापात सुमारे पाच सेंटिमीटरवर एक रिव्हेट. चाक दुसऱ्यांदा फिरवलं तर टिंबं दुप्पट होतात आणि ती पट्टी फेकावी लागते. घाई असलेल्यांनी इथे हात घालूच नये.

खिडक्यांना शर्टाच्या खोक्याचं पारदर्शक झाकण उत्तम. पण फेविक्विकने चिकटवलं तर त्याच्या वाफेने काचेवर पांढरी धुरकट साय धरते. काचांना पांढरा फेविकॉलच लावावा. तो सुकला की दिसत नाही. तसंच थर्माकोलवर स्प्रेचा रंग मारू नये, थिनरने ते जागीच विरघळतं.

बहुतेक मॉडेलं अडतात ती चाकांपाशी. मागचे जोडटायर धरून सहा चाकं एकसारखी हवीत, आणि हाताने सहा एकसारखी होत नाहीत. त्यासाठी एकच चाक जीव ओतून बनवायचं. प्लास्टिकच्या चकत्या बोल्टवर ओवून ड्रिल मशीनमध्ये पकडायच्या आणि फिरत्या चकतीला कानस लावून गोलाई काढायची. नटांची संख्या फोटोत मोजून तेवढेच बसवायचे. मग सिलिकॉन रबराचा साचा करून त्यात रेझिन ओतायचं. हल्ली रेझिनचे कानातले करण्याची लाट आल्यामुळे हे सामान हस्तकलेच्या दुकानात सहज मिळतं. ज्याला एवढं करायचं नाही त्याने सेंटी टॉइजची स्वस्तातली प्लास्टिक गाडी आणून तिची चाकं काढावीत. दिल्लीच्या या कंपनीची मागे ओढून सोडायची अँबेसेडर घराघरांत आहे. मापात ती गाडी जरा इकडेतिकडे असते, पण नटवायला बेस.

अक्षरांची अडचण वेगळीच. लालवर पांढरी अक्षरं घरच्या प्रिंटरवर येत नाहीत, कारण त्यात पांढरी शाईच नसते. भोवतीचा लाल छापून घ्यावा तर तो बॉडीच्या लालशी जुळत नाही. यावर आपल्या नाक्यावरचा रेडियमवाला हा रामबाण उपाय. नंबर प्लेटसाठी तो ज्या मशीनवर पांढरं स्टिकर कापतो, त्यावरच चार मिलिमीटरची अक्षरं निघतात. बारीक वेलांट्या मात्र तुटतात, म्हणून ठसठशीत टाइप निवडावा.

ट्रक करणाऱ्याने साल आधी ठरवावं. टेल्कोने १९५४ मध्ये डाइम्लर-बेंझशी करार केला आणि तो १९६९ ला संपला. त्याआधीच्या गाडीच्या नाकावर मर्सिडीझची चांदणी, नंतर टाटांचा टी. सत्तर सालच्या नव्या ट्रकवर चांदणी दिसली की जाणकार गालात हसतात. महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ मध्ये मालगाड्यांवर 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला मनाई केली, हेही नव्या गाडीच्या फाळक्यावर ब्रश टेकवण्याआधी आठवावं.

धुळीबद्दल माझं मत ठाम आहे: कमी टाका. नवशिके गंज आणि चिखल इतका फासतात की गाडी भंगारातून उचलल्यासारखी दिसते. कोकणातल्या फेरीची एसटी असेल तर चाकांच्या वर आणि मागच्या काचेखाली गेरूची पूड कोरड्या ब्रशने हलकेच; मराठवाड्यातली असेल तर खडूच्या पुडीत कोळसा मिसळून करडा रंग. टपावर धूळ, दाराच्या मुठीपाशी घासून चकाकलेला पत्रा. एवढं पुरे.

थ्रीडी प्रिंटर आल्यापासून विचारणा होते की हा सगळा खटाटोप कशाला. प्रिंटर वापरावा की! चाकं, आसनं, स्टिअरिंग यांना तो झकास आहे. पण प्रिंटरलाही माप कुणीतरी द्यावंच लागतं. इंग्लंडचे जेराल्ड विंग्रोव्ह जुन्या देखण्या मोटारींच्या धातूच्या प्रतिकृती करून जगभरच्या संग्राहकांत नावाजले गेले. त्यांच्या कामाची ख्याती आधी हीच, की मूळ गाडीपाशी जाऊन, मोजून, फोटो काढून मगच हत्याराला हात.

आणि मोजायच्या गाड्या झपाट्याने संपत आहेत. पंधरा वर्षांपुढच्या सरकारी गाड्यांची, त्यात परिवहन महामंडळांच्या बसही आल्या, नोंदणी १ एप्रिल २०२३पासून रद्द करण्याचा नियम लागू झाला. ॲल्युमिनियमच्या बॉडीची रिव्हेटवाली एसटी आता शोधावी लागते. लाकडी केबिनचे ट्रकही विरळ झाले. कारखान्यातून केबिनसकट येणाऱ्या गाड्यांनी त्यांची जागा घेतली. तेव्हा मॉडेल करायचं असो वा नसो, जवळच्या आगारात किंवा बॉडी बिल्डरच्या अंगणात अशी गाडी उभी दिसली तर रीतसर परवानगी घ्या आणि टेप काढा. पहिल्यांदा पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, मग चाकांच्या पुढे-मागे निघालेली बॉडी, जमिनीपासून खिडकीची उंची, खिडक्यांची संख्या आणि रुंदी. फोटो लांब उभं राहून, झूम करून, अगदी बाजूने काढा. जवळून काढला तर आकार फुगतो. शेजारी एक मीटरची काठी उभी धरायला विसरू नका. वहीत तारीख लिहा, आगाराचं नाव लिहा आणि गाडीचा नंबरही.