नाव पुढच्या पायाचं, काम मागच्याचं

टाच मारली की घोडा चौखूर उधळतो, ही आपली घोडेस्वारीची कल्पना. टेक्सासमध्ये रेनिंग या घोडेस्वारीच्या स्पर्धाप्रकारासाठी घोडे तयार करणाऱ्या रिंगणात मात्र उधळणं हीच चूक.

तीन वर्षांची क्वार्टर हॉर्स जातीची तांबडी घोडी संथ चालते आहे. स्वार नुसता बसून आहे असं वाटतं. मग त्याचा उजवा पाय तंगाच्या जरा मागे सरकतो, घोडीचा पुठ्ठा किंचित डावीकडे येतो. स्वार ओठांनी मुका घेतल्यासारखा आवाज करतो. घोडी मान वर फेकते, चार पावलं दुडकते आणि मग कुठे लोप धरते.

फसलं. स्वार तिला थांबवतो, चार पावलं मागे सरकवतो, पुन्हा चालवतो. आवाज चढत नाही, लगाम खेचला जात नाही.

लोप म्हणजे तीन ठोक्यांची संथ दौड. डावीकडच्या वर्तुळात डावी 'लीड' हवी, म्हणजे डावा पुढचा पाय सगळ्यांत पुढे पडायला हवा. गंमत अशी की, नाव त्या पायाचं, पण तो टेकतो शेवटी. सुरुवात उजव्या मागच्या पायाने होते. मग डावा मागचा आणि उजवा पुढचा एकदम, मग डावा पुढचा, आणि क्षणभर चारही पाय हवेत. पहिल्या ठोक्याला सगळी भिस्त त्या एका मागच्या पायावर. तो पोटाखाली आलेला नसेल, तर घोडी पुढच्या पायांनी स्वतःला ओढते आणि तोल सावरायला मान उचलते. नवशिका स्वार मग मानच खाली खेचत बसतो. दुखणं पुठ्ठ्यात, औषध तोंडाला!

१९६६मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रेनिंग हॉर्स असोसिएशनच्या स्पर्धांत परीक्षक ७० गुणांपासून मोजायला लागतात. वर्तुळाची सुरुवात एक-दोन पावलं दुडकत झाली, तरी अर्धा गुण गेला. म्हणून घरच्या रिंगणात ही एवढी चिकाटी.

पुन्हा पाय मागे, पुठ्ठा आत. या वेळी स्वार आवाज करण्याआधी एक श्वास थांबतो. घोडीचा एक कान मागे वळतो, पाठ उचलली जाते आणि चालीतून थेट लोप. मान होती तिथेच. त्याच क्षणी स्वाराचा पाय सैल पडतो. हीच तिची शाबासकी.

दोन वर्तुळं झाल्यावर तो उतरतो, तंग ढिला करतो. उजवी लीड उद्या.